बी.एस्सी.नंतर जीवशास्त्रात संशोधन करायचे असेल तर

कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थिनीने विचारले आहे की, एम.एस्सी. आणि पीएच.डी. करून जीवशास्त्रात संशोधन करण्याची तिची इच्छा आहे, परंतु घरी आणि महाविद्यालयातही बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षा एवढाच सल्ला मिळतो. राष्ट्रीय संस्थेत प्रवेश मिळाला नाही तर राज्य विद्यापीठातील संशोधनाला काही अर्थ असतो का, आतापासून कोणती तयारी करावी, मार्गदर्शक कसा निवडावा आणि शाळा मराठी माध्यमातून झाल्याची अडचण किती येते, असे तिचे चार प्रश्न आहेत. विद्यापीठाच्या विभागात दीर्घकाळ शिकवल्यामुळे आणि संशोधक विद्यार्थ्यांसोबत काम केल्यामुळे या प्रश्नांची उत्तरे मी थोडी विस्ताराने देतो.

चारही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून ती आधी सांगतो. जीवशास्त्रातील संशोधकाचे खरे कसब म्हणजे न्याय्य तुलना उभी करता येणे. यंत्रे, रसायने आणि संस्थेचे नाव यांची मदत जरूर होते, पण हे कसब अंगी नसेल तर त्यांच्या जोरावर केलेले काम टिकत नाही. आणि हे कसब साध्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, अगदी थोड्या खर्चात शिकता येते. उलट, नावाजलेल्या संस्थेत पाच-सहा वर्षे काढूनही ते न शिकता पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

बी.एस्सी.पर्यंत आपण जे शिकतो ते बहुतांशी सिद्ध झालेले ज्ञान असते: वर्गीकरण, शरीररचना, पेशीतील चयापचयाची चक्रे, अनुवंशशास्त्राचे नियम. या पाठांतराला कमी लेखू नये. ज्याला उभयचरांचे वर्गीकरण येत नाही, त्याला पावसाळ्यात कातळसड्यावरच्या डबक्यात काय हालचाल करते आहे हेच ओळखता येणार नाही, मग प्रश्न पडणे दूरच राहिले. मात्र संशोधनात पाऊल टाकल्यावर एक नवी अडचण समोर येते, जिची ओळख पाठ्यपुस्तकातून होत नाही. एका बाटलीतल्या सोडियम क्लोराइडच्या दोन चिमटी सर्व व्यवहारी अर्थांनी सारख्याच असतात. एका मादीची दोन पिल्ले किंवा एकाच घाट्यातले हरभऱ्याचे दोन दाणे तसे नसतात. हे वैविध्य म्हणजे मापनातला दोष नसतो, कारण उत्क्रांतीत नैसर्गिक निवड ज्यावर काम करते तो कच्चा माल हाच आहे. त्यामुळे जीवशास्त्रात 'अमुक केल्याने तमुक झाले' असे म्हणण्यापूर्वी, काहीही न करता जेवढा फरक आपोआप दिसला असता त्यापेक्षा आपल्याला दिसलेला फरक मोठा आहे, हे दाखवावे लागते. प्रयोगाची आखणी, नमुन्यांची संख्या आणि संख्याशास्त्र या तिन्ही गोष्टी यासाठीच असतात.

हे नेमके कसे घडते ते एका प्रयोगावरून पाहू, जो महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत प्रकल्प म्हणून दिला जातो: मिठाच्या पाण्याचा बियांच्या उगवणीवर होणारा परिणाम. सर्वसाधारणपणे विद्यार्थी पाच पेट्री डिश घेतो, प्रत्येकीत ओला फिल्टर पेपर अंथरून हरभऱ्याचे २० दाणे ठेवतो, एकीत नुसते डिस्टिल्ड वॉटर आणि उरलेल्या चारांत ५०, १००, १५० आणि २०० मिलिमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) मिठाचे द्रावण घालतो, आणि चौथ्या दिवशी मोजणी करून आलेख काढतो. आलेख उतरता येतो, निष्कर्ष लिहिला जातो, गुणही मिळतात. परंतु या मांडणीत प्रत्येक द्रावणासाठी नमुन्यांची संख्या २० नसून १ आहे. एका डिशमधले वीसही दाणे एकाच कागदावर, एकाच झाकणाखाली, कपाटाच्या एकाच कोपऱ्यात असतात. त्या डिशला बुरशी लागली, तिचे झाकण नीट बसले नाही किंवा ती खिडकीजवळ होती, तर वीसही दाण्यांवर त्याचा परिणाम एकदम होतो, आणि आपण तो मिठाचा परिणाम समजून बसतो. म्हणून प्रत्येक द्रावणाच्या निदान चार-पाच स्वतंत्र डिश हव्यात, त्यांची कपाटातली जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवी, आणि 'उगवले' कशाला म्हणायचे, उदाहरणार्थ मोड २ मिलिमीटर बाहेर आला तर, हे मोजणीला बसण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवायला हवे. शक्य असेल तर डिशवर द्रावणाच्या नावाऐवजी फक्त क्रमांक लिहून मोजणी मैत्रिणीकडून करून घ्यावी. आपल्याला कोणते उत्तर हवे आहे हे डोळ्यांना ठाऊक असले की २ मिलिमीटरचा मोड कधी कधी दीड मिलिमीटरलाच दिसू लागतो.

एवढे केल्यावरही खरा प्रश्न शिल्लक राहतो. मिठामुळे उगवण घटली हे समजा पक्के झाले. पण का घटली? मीठ विरघळलेल्या पाण्याचा परासरण दाब वाढलेला असतो, त्यामुळे दाण्याला पाणी शोषून घेणे अवघड जाते, हे एक कारण असू शकते. सोडियम आणि क्लोराइडचे आयन पेशीत शिरून तिला इजा करतात, हे दुसरे. नुसत्या मिठाच्या पाच डिश कितीही वेळा लावल्या तरी या दोहोंत फरक करता येत नाही. त्यासाठी तिसरी बाजू उभी करावी लागते: ज्याचा परासरण दाब मिठाच्या द्रावणाइतकाच आहे, पण ज्यात हे आयन नाहीत, असे द्रावण. मॅनिटॉल यासाठी वापरतात. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, म्हणून १०० मिलिमोलर मिठासमोर साधारण २०० मिलिमोलर मॅनिटॉल ठेवावे लागते. दोन्हींत उगवण सारखीच घटली तर दोष मुख्यतः पाणी न मिळण्याचा. मिठात बरीच जास्त घटली तर आयनांचा वाटा मानावा लागतो. याशिवाय, न उगवलेले दाणे धुऊन साध्या पाण्यात ठेवून पाहावेत. ते आता उगवले, तर ते मेलेले नव्हते, थांबलेले होते, हे कळते. या शेवटच्या पायरीला एका फिल्टर पेपरचा आणि चार दिवसांचा खर्च येतो, आणि तिच्यामुळे शालेय वाटणारा हा प्रकल्प खऱ्या प्रश्नाला भिडतो. तुमच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प अजून व्हायचा असेल, तर विषय कोणताही घ्या, पण 'माझ्या निष्कर्षाखेरीज आणखी कशाने हे दिसू शकले असते, आणि ते वगळण्यासाठी कोणती डिश लावावी लागेल' हा प्रश्न सुरुवातीलाच विचारून घ्या.

महागड्या प्रयोगशाळेतही हेच तर्कशास्त्र लागते, फक्त चुकीची किंमत जास्त असते. पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीत डीएनएचा ठरावीक तुकडा प्रत्येक चक्रात दुप्पट होतो, त्यामुळे ३० चक्रांत, तत्त्वतः, एका रेणूचे १०० कोटींहून अधिक रेणू होतात. याचाच अर्थ असा की, पिपेटच्या टोकातून किंवा हातमोज्यावरून आलेला नकोसा एखादा रेणूही जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करून पाहण्याच्या थरावर, ठळक पट्टा होऊन उभा राहू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी एका नळीत सर्व घटक घालून डीएनएऐवजी पाणी घालतात. या नळीच्या रकान्यात काहीही दिसता कामा नये; दिसले, तर त्या दिवशीचे इतर सर्व पट्टे कितीही सुंदर असले तरी बाजूला ठेवावे लागतात. नवख्या विद्यार्थ्याला पाण्याची ही नळी म्हणजे वाया गेलेला एन्झाइम वाटतो आणि काटकसरीच्या नावाखाली तो ती गाळतो. एखादी प्रयोगशाळा कशी आहे हे पाहायचे असेल तर तिथल्या जेलच्या छायाचित्रांत हा रिकामा रकाना नेमाने दिसतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

आता तयारीकडे वळतो. आपल्याकडच्या प्रात्यक्षिकांची एक जुनी सवय संशोधनाला मारक ठरते, आणि ती आजच सोडावी असे माझे कळकळीचे सांगणे आहे. प्रात्यक्षिक झाल्यावर घरी जाऊन स्वच्छ अक्षरात जर्नल लिहायचे, आकृत्या रंगवायच्या, आणि आलेले वाचन अपेक्षेपेक्षा वेगळे असेल तर ते मागच्या वर्षीच्या जर्नलमधून 'दुरुस्त' करून घ्यायचे, कारण प्रमाणित केलेल्या जर्नलशिवाय परीक्षेला बसू दिले जात नाही. यात विद्यार्थ्यांचा दोष कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. परंतु तीन वर्षे अशी काढलेल्या विद्यार्थ्याला न जुळणारे वाचन म्हणजे लपवण्याची गोष्ट वाटू लागते, आणि संशोधनात नेमके तेच वाचन सर्वांत मोलाचे असू शकते. जर्नल लिहावेच लागेल, ते लिहा. पण त्याशिवाय शिवलेली, पाने फाडता न येणारी एक वही स्वतःसाठी ठेवा. तिच्यात प्रयोग चालू असतानाच शाईने लिहा: तारीख, वेळ, खोलीचे तापमान, द्रावण कोणी व कधी बनवले, बियांचे पाकीट कोणत्या दुकानातून आणले, काय सांडले, काय विसरले. चुकलेले वाचन खोडू नका, एक रेघ मारून शेजारी दुसरे लिहा. सहा महिन्यांनी दोन प्रयोगांचे निष्कर्ष जुळले नाहीत की कारण याच बारीक नोंदींत सापडते.

संख्याशास्त्र हा तयारीचा दुसरा भाग आहे. जीवशास्त्र घेणाऱ्या कित्येक मुलामुलींनी गणिताला कंटाळूनच ही शाखा निवडलेली असते, आणि पुढे तेच अडते. सरासरी, प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांतला फरक, टी-चाचणी, काय-वर्ग चाचणी आणि विचरण विश्लेषण एवढे पक्के असावे. फरक 'लक्षणीय' मानण्यासाठी ०.०५ ही संभाव्यतेची सीमा धरून, प्रत्यक्षात कुठलाही फरक नसलेल्या २० तुलना केल्या तर त्यांतली सरासरीने एक केवळ योगायोगाने 'लक्षणीय' निघते. हे ज्याला मनापासून समजले आहे तो विद्यार्थी वीस गोष्टी मोजून एकच छापण्याच्या मोहात पडत नाही. 'आर' ही संगणकीय प्रणाली मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्यावर तुमच्याच बियांची आकडेवारी चालवून पाहा.

राज्य विद्यापीठातील संशोधनाला अर्थ असतो का, या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होकारार्थी आहे, मात्र एका अटीवर: विषय असा निवडावा की ज्यात तुमच्या जागेचा फायदा मिळतो. उंदराच्या मेंदूतील चेतापेशींवर काम करायचे असेल तर त्यासाठी लागणारे प्राणिगृह आणि सूक्ष्मदर्शक मुंबईची टीआयएफआर, बेंगळुरूचे एनसीबीएस, हैदराबादचे सीसीएमबी किंवा पुण्याची आयसर अशा राष्ट्रीय संशोधन संस्थांतच असतात, आणि तिथेच जाण्याचा प्रयत्न करावा. परंतु सह्याद्री कोल्हापूरच्या दारात आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात डॉ. एस. आर. यादव यांनी कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजिया या प्रजातीसमूहावर, केलेले वर्गीकरणाचे आणि संवर्धनाचे काम देशभर मानले जाते, आणि ते काम तिथे होण्यामागे जवळच्या कड्यांवर वर्षानुवर्षे करता आलेली भटकंती आहे. प्राणिशास्त्रातही तसेच. आंबोलीचा भेक, झँथोफ्राइन टायग्रिना, याचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या गावातून गोव्याला जाणारी वाहने रोज जातात तिथल्या एका प्राण्याला शास्त्रीय नाव मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. अशा प्राण्यांचे वर्तन, अंडी घालण्याच्या जागा, पावसाच्या लहरीपणाचा त्यांच्यावर होणारा परिणाम यांविषयी कितीतरी प्रश्न मोकळे आहेत, आणि ते सोडवायला पाऊस सुरू होताना तिथे हजर असणारा माणूस लागतो.

या क्षेत्रकार्याची एक व्यावहारिक बाजू मात्र आधीच समजून घ्यावी. हा भेक पहिल्या पावसानंतर कातळावर साचलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो; निरीक्षणाचा खरा हंगाम थोड्या दिवसांचा असतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येणाऱ्या प्राण्यांना हात लावण्यासाठी आणि संरक्षित क्षेत्रात काम करण्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळायला महिने लागू शकतात. जूनमध्ये पाऊस पडला आणि परवानगी ऑगस्टमध्ये हातात आली, तर पीएच.डी.चे एक पूर्ण वर्ष जाते. म्हणून अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावा, आणि त्यात नमुन्यांची संख्या, जागा, पद्धत हे सर्व नेमके लिहावे. नमुना परदेशी पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात. प्रयोगशाळेत पृष्ठवंशीय प्राण्यांवर काम असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. याकडे कटकट म्हणून पाहणारे मार्गदर्शक असतात; त्यांच्यापासून दूर राहावे.

राज्य विद्यापीठात राहूनही मोठ्या संस्थांचा आधार घेता येतो, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. एकट्या पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेचा वनस्पतिसंग्रह आणि बुरशींचा राष्ट्रीय संग्रह, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील पेशींचा साठा, भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण यांची पश्चिम विभागीय केंद्रे आहेत. मुंबईला १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिचा नमुनासंग्रह आहे. एखादी जाती नवी आहे असे म्हणण्यापूर्वी जुने नमुने पाहावे लागतात, आणि मार्गदर्शकाचे पत्र घेऊन रीतसर विनंती केली तर अशा संग्रहांत काम करता येते. विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्तीही पाहा. तिच्यात देशातील शास्त्रज्ञांसोबत साधारण दोन महिने काम करता येते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस मागवले जातात.

परीक्षांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ही माहिती अधिकृत संकेतस्थळांवर मिळते आणि दरवर्षी थोडीफार बदलते. एम.एस्सी.साठी राज्य विद्यापीठांचे स्वतःचे प्रवेश असतात, त्याशिवाय केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी, जैवतंत्रज्ञानाच्या काही अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी आणि आयआयटींसाठी जॅम आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एकात्मिक पीएच.डी.लाही जॅम चालते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासून सीएसआयआर-यूजीसी नेट देता येते. जीवशास्त्राच्या या प्रश्नपत्रिकेत एकूण २०० गुण असतात, आणि त्यांतले १०० गुण 'क' भागातील २५ प्रश्नांना असतात. तिथे पाठांतर थांबते: प्रयोगाचे वर्णन आणि आलेख देऊन निष्कर्ष विचारला जातो. ७५ प्रश्नांतून २५ निवडायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे तेरा घटक वरवर वाचण्यापेक्षा सात-आठ घटक खोलवर करणे मला जास्त फायद्याचे वाटते. विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी 'पेट' परीक्षाही असते.

पैशाचा प्रश्न घरच्यांच्या मनात असतो आणि तो रास्त आहे. नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते, घरभाडे भत्ता वेगळा, आणि एकूण कालावधी पाच वर्षांचा. ती मिळाली नाही तर महाराष्ट्रात सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्य गटातील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. यांपैकी कोणतीही रक्कम दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हातात पडेल असे समजू नये. कित्येक महिन्यांची रक्कम एकदम येते, म्हणून निदान सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज असल्याशिवाय नोंदणी करू नये. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची किमान मुदत तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. महिलांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. हे नियम घरच्यांना दाखवा, कारण 'लग्नाचे वय निघून जाईल' या वाक्यामागे बहुधा मुदतीविषयीची अनिश्चितताच असते. त्याचबरोबर हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे की पीएच.डी.नंतरच्या कायम जागा थोड्या आहेत, आणि त्या मिळवण्यापूर्वी बहुतेकांना पोस्ट-डॉक्टरल काम करावे लागते. ज्याला शिकवणेच मनापासून आवडते आणि लवकर स्थिर व्हायचे आहे, त्याच्यासाठी बी.एड. हा उत्तम मार्ग आहे. तुमच्या पत्रावरून तुम्हाला प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरे स्वतः शोधावीशी वाटतात असे दिसते, म्हणून मी पुढे जायला सांगतो आहे.

मार्गदर्शकाची निवड हा या सगळ्यातला सर्वांत निर्णायक टप्पा आहे, आणि दुर्दैवाने त्यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. जागा रिकामी आहे, गाव जवळ आहे, सर ओळखीचे आहेत, एवढ्यावर नोंदणी होते. त्याऐवजी 'शोधगंगा' या संकेतस्थळावर जा, जिथे भारतीय विद्यापीठांतील प्रबंध मोफत वाचायला मिळतात, आणि ज्यांच्याकडे जायचा विचार आहे त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उघडा. प्रस्तावना सोडून द्या, पद्धतीचे प्रकरण वाचा. नमुन्यांची संख्या दिली आहे का? तुलनेसाठी कोणता गट ठेवला होता? नकारात्मक निष्कर्ष कुठे नोंदवला आहे की सगळेच प्रयोग पहिल्या फटक्यात यशस्वी झालेले दिसतात? एकाच साच्यातले, फक्त वनस्पतीचे नाव बदललेले प्रबंध ओळीने सापडले, तर तिथे तुम्हालाही एक वनस्पती नेमून दिली जाईल, प्रश्न नाही. प्रबंधाच्या जाडीने भारावून जाऊ नका. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, ती वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे श्वसनाला आवश्यक प्रथिन असते हे दाखवणाऱ्या कामावर, आणि त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा असल्याची नोंद आहे.

यानंतर त्या प्रयोगशाळेतील सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा, शक्यतो मार्गदर्शक समोर नसताना. मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, मध्येच कोणी सोडून गेले का, आठवड्याला बैठक होते का आणि तिच्यात कच्ची आकडेवारी दाखवली जाते की फक्त तयार आलेख, रसायनांचा पैसा कोणत्या प्रकल्पातून येतो आणि तो प्रकल्प कधी संपतो, विद्यार्थ्यांना खासगी कामे सांगितली जातात का, हे सर्व विचारा. हे विचारण्यात उद्धटपणा नाही; आयुष्याची पाच वर्षे जिथे द्यायची तिथली ही प्राथमिक चौकशी आहे. मार्गदर्शकाला स्वतःला विचारायचा एकच प्रश्न मी सुचवीन: 'आपल्या प्रयोगशाळेत अलीकडे कोणता अंदाज चुकीचा ठरला?' ज्यांना या प्रश्नाचे उत्तर आनंदाने आणि तपशिलाने देता येते त्यांच्याकडे शिकायला मिळते. पैसे भरून आठवड्याभरात शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांची यादी ज्यांच्या तोंडावर आहे, त्यांच्याकडे जाऊ नये. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही, म्हणून त्या घाईला आता सबबही उरलेली नाही. तरी आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते तपासावे.

भाषेच्या अडचणीविषयी तुम्ही शेवटी विचारले आहे. अडचण खरी आहे, पण ती पहिल्या दीड-दोन वर्षांची आहे. संशोधनातील इंग्रजी ही मर्यादित शब्दांची, ठरलेल्या वाक्यरचनांची भाषा आहे, आणि कादंबरी वाचण्यापेक्षा ती सोपी असते. दर आठवड्याला एक शोधनिबंध घ्या. आधी आकृत्या आणि त्यांखालचा मजकूर पाहा, मग पद्धती, आणि सारांश सगळ्यात शेवटी. त्यानंतर वहीत मराठीत चार वाक्ये लिहा: लेखकांनी काय विचारले, कशाची कशाशी तुलना केली, काय दिसले, आणि त्याचे दुसरे कोणते स्पष्टीकरण असू शकते. चौथे वाक्य सुरुवातीला सुचणार नाही. लिहीत राहिलात तर काही महिन्यांनी सुचू लागेल, आणि मुलाखतीत नेमके तेच विचारतात. अडखळत्या इंग्रजीत बोललेले नीट विचार मुलाखत घेणाऱ्यांना कळतात, याची खात्री बाळगा. विचार मराठीत करण्याने काहीही बिघडत नाही, उलट एखादी संकल्पना आईला मराठीत समजावून सांगता आली नाही तर ती अजून आपल्यालाच कळलेली नाही हे लवकर ध्यानात येते.

येत्या सुट्टीसाठी एवढेच करा: मिठाचा किंवा तसाच एखादा प्रयोग वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण लावा, त्याची आकडेवारी 'आर'वर चालवा, आणि मग ज्या दोन-तीन प्राध्यापकांचे काम तुम्ही खरोखर वाचले आहे त्यांना ईमेल पाठवा. 'आदरणीय सर, मला संशोधनाची अतिशय आवड आहे' अशी सुरुवात करून पन्नास जणांना एकच मजकूर पाठवला तर तो उघडला जात नाही. पहिल्याच परिच्छेदात त्यांच्या कोणत्या शोधनिबंधातील कोणत्या आकृतीविषयी तुम्हाला प्रश्न पडला ते लिहा, दुसऱ्यात तुमच्या प्रयोगाची तुलना आणि निष्कर्ष तीन-चार वाक्यांत द्या, न जुळलेले वाचनही सांगा, आणि तिसऱ्यात कोणत्या तारखेपासून किती आठवडे येऊ शकाल ते कळवा. गुणपत्रिका सोबत जोडा, पण तिच्याविषयी मजकुरात काही लिहू नका. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदाच नम्र स्मरणपत्र पाठवा, आणि त्यानंतर पुढच्या प्रयोगशाळेकडे वळा.